नातीच्या अर्जातली बोरिंग

माझं शिक्षण चौथी. त्यातही चौथीचे शेवटचे महिने मी बापाबरोबर मिठागरावर मीठ ओढत होतो. पुढे उभा जन्म बोरिंगच्या गाडीवर गेला. आधी रॉड उचलायचो, मग मशीन चालवायला लागलो, आणि शेवटी शेवटी लोक मलाच बोलवायचे, इथे मारू की तिथे मारू ते सांगायला. वाणगावपासून मुरब्यापर्यंत वाड्यांमध्ये, चिकूच्या बागांमध्ये, बोईसरच्या चाळींच्या मागे मी जमिनीला भोकं पाडली. मला तेवढंच येतं.

म्हणून नात बारावी झाल्यावर म्हणाली की तिला पर्यावरण विज्ञानाची डिग्री करायची आहे, आणि त्यात जमिनीखालचा भाग, भूविज्ञान म्हणतात तो, मुख्य घ्यायचा आहे, तेव्हा मी खाटेवरून उठून बसलो. बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आठ महिने मी खाट सोडली नव्हती म्हटलं तरी चालेल. सून जेवण आणून ठेवायची, मी अर्धं परत पाठवायचो. कोणी बोलायला आलं तर भिंतीकडे तोंड करायचो. नातीने नुसतं "दगड" म्हटलं आणि मी उठलो.

मुलगा बोईसरला कंपनीत आहे. त्याला हे पटलं नाही. "केमिस्ट्री घे," तो म्हणाला. "तीन वर्षांत लॅबमध्ये चिकटशील. दगड बघून कोण नोकरी देतंय?"

मी म्हटलं, "तुझ्या कंपनीच्या टाकीत पाणी कुठून येतं रे? साहेब रडतो काय रोज?"

"बाबा, तुमी मधे बोलू नका. तुमाला कॉलेजातलं काय कळतं?"

"कॉलेजातलं नाय कळत. खालचं कळतं."

पोरगी हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं.

मग आम्ही दोघं ओट्यावर बसून बेत करायला लागलो. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने चार चौकोन आखले, चार वर्षांचे. पहिल्या वर्षात रसायन, गणित आणि दगड-खनिजांची ओळख. दुसऱ्यात माती, आणि कॉम्प्युटरवर नकाशे करायचं काम. तिसऱ्यात जमिनीतलं पाणी, आणि महिनाभर कुठेतरी बाहेर जाऊन जमीन बघत हिंडायचं. चौथ्यात स्वतःचा एक प्रकल्प. भूविज्ञान सगळ्या कॉलेजांत नसतं. पालघरला नव्हतंच. म्हणजे घर सोडून वसतिगृहात राहावं लागणार होतं. कोणत्या कॉलेजात पर्यावरण मुख्य आणि भूविज्ञान जोडीला मिळतं, कुठे उलटं मिळतं, कुठे दुसऱ्या वर्षी विषय बदलता येतो, सगळं ती मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवायची. मला निम्मं कळायचं नाही. पण तिसऱ्या चौकोनाजवळ आली की मी बोलायचो.

बोरिंग मारताना प्रत्येक रॉडला खालून जो भुगा वर येतो, त्याचा एक मूठभर ढीग आम्ही बाजूला मांडतो. पहिला ढीग मातीचा, मग मुरुमाचा, मग काळ्या दगडाचा. ओळीने मांडत जायचं. बोरिंग संपली की ती ओळ म्हणजे जमीन आडवी करून ठेवल्यासारखी दिसते. घरमालक येऊन बघतो, त्याला काही कळत नाही, पण आम्हाला कळतं. काळ्या दगडात मधेच लाल भुगा आला की पाणी जवळ आलं समजून आम्ही मशीनचा आवाज ऐकायला लागायचो. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने मोबाईल खाली ठेवला.

"आजा, हे पुस्तकात हाय. तुमी सांगता तसंच. त्या लाल थराला नाव पण हाय."

"नाव काय का असेना. हाताला मऊ लागतो."

तिने तेही लिहून घेतलं, हाताला मऊ लागतो म्हणून.

मग मी तिला हिंडवायला लागलो. माझ्या जुन्या बोरिंगी दाखवायला. दांडी गावात एका वाडीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे मी दोनदा मशीन लावलं होतं, आधी एक मारली आणि काही वर्षांनी तीच आणखी खाली नेली. तो मला बघून म्हणाला, "काय रे, जिवंत हायस? मला वाटलं बायकोच्या मागून तू पण गेलास."

"तुझी वाडी वाळल्याशिवाय नाय जायचा."

तो हसला, पण थोडंच. आम्हाला दोन शहाळी काढून दिली. पाणी दिलं नाही. तेव्हा ते मला जाणवलं नाही. नातीला जाणवलं असावं, कारण तिने त्याला बोरिंगचं काही विचारलं नाही, नुसतं नारळाच्या बुंध्यांकडे बघत राहिली.

घरी येताना मी म्हटलं, "चौथ्या वर्षाचा प्रकल्प आपल्या घरच्या बोरिंगवर कर. आयती घरात हाय. आख्ख्या आळीत असं पाणी नाय कोणाचं."

ती म्हणाली, "बघू."

"बघू काय? तुझ्या आजीने पहिला तांब्या प्यालाय त्याचा."

आमच्याकडे बोरिंगला पाणी लागलं की मशीनवाल्याला आधी देतात. चव त्याने सांगायची. आमच्या घरच्या वेळी मी तो तांब्या बायकोला दिला होता. चिखलाचं पाणी होतं अजून, गाळ खाली बसला नव्हता. तिने उभ्याने प्यायलं, पदराला तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोड हाय वो." मग मी पंधरा वर्षं गावभर तेच सांगत फिरलो. नवीन गिऱ्हाईक आलं की घरी आणायचो. "आधी माझ्या घरचं पाणी प्या, मग मला काम द्या." बायको आतून तांब्या-पेला आणून द्यायची. गिऱ्हाईक प्यायचं, मान हलवायचं, काम मिळायचं.

ही गोष्ट मी नातीला त्या दिवशी पुन्हा सांगितली. ती म्हणाली, "चहा टाकते." आणि आत गेली.

ज्या कॉलेजात तिला जायचं होतं तिथे मुलाखत होती. अर्जाबरोबर एक पान स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं होतं, हाच विषय का म्हणून. पालघरच्या तिच्या कॉलेजातल्या एक मॅडम तिला सगळं समजावून द्यायच्या. त्यांनी ते पान बघायला बोलावलं. मी म्हटलं मी येतो. नात म्हणाली, "नको आजा, उन्हाचं कशाला." मी हट्टाने गेलो. धुतलेला सदरा घातला. आपल्या नातीच्या शाळेत-कॉलेजात मी कधी गेलोच नव्हतो, ते सगळं बायको बघायची.

मॅडमनी मला खुर्ची दिली. पोरगी उभीच राहिली. पान हातात धरून होती, देत नव्हती.

"दे की गं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी उद्या दाखवते. अजून नीट करायचंय."

"उद्या मी नाहीये. दे इकडे." त्यांनी पान घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. त्यांना वाटलं आजोबा आलेत, त्यांना बरं वाटेल.

पान चांगलं लिहिलेलं होतं. सुरुवात समुद्राची, खाडीची. मग असं काहीतरी आलं की, माझे आजोबा बोरिंगचं काम करत. त्यांनी आमच्या घराजवळ एकशे ऐंशी फुटांची बोरिंग मारली. मी लहान असताना तिचं पाणी खारं झालं. आजीने ते आजोबांना सांगितलं नाही, कारण त्यांना वाईट वाटलं असतं आणि त्यांच्या धंद्यालाही बरं दिसलं नसतं. ती रोज पाड्यावरच्या हापशावरून पिण्याचं पाणी आणायची. मी सातवीत गेल्यापासून दुसरी कळशी मी उचलायची. आजोबा आजही ते पाणी आपल्या बोरिंगचं समजून पितात. मला तेव्हापासून प्रश्न पडला की गोडं पाणी खारं का होतं.

मॅडम वाचता वाचता हळू झाल्या. मग थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, पोरीकडे बघितलं.

मी म्हटलं, "वाचा. पुढं वाचा."

"बाकी विषयांबद्दल आहे," त्या म्हणाल्या.

"मग ठीक हाय," मी म्हटलं, आणि उठलो.

परतीला एस्टीत आम्ही शेजारी बसलो होतो. ती दोनदा "आजा" म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होतो. मी मिठागरावर वाढलेला माणूस. मिठाची चव मला दुसऱ्याने सांगायची? आणि ती मला कळू नये म्हणून माझ्या घरातली माणसं एवढी वर्षं डोक्यावर हंडे वाहत होती, आणि मी गावाला सांगत होतो की माझ्या घरचं पाणी प्या.

घरी आलो तो चपला न काढता मागच्या नळाला गेलो. ओंजळ भरली, प्यायलो. मिठागराएवढं नाही. पण खारंच. जिभेवर राहणारं. दुसरी ओंजळ थुंकली.

मुलगा पहिली पाळी करून आला होता. दारात उभा राहून बघत होता.

"तुला म्हाईत होतं?"

त्याने पुढे येऊन नळ बंद केला.

"सुनेला?"

"बाबा, सगळ्यांना म्हाईत हाय. आळीला म्हाईत हाय. आईने शपथ घातलेली."

"आळीला?"

"शेजारच्या काकू पण हापशावरूनच आणतात ना. त्यांना कसं नाय कळणार?"

"आणि गिऱ्हाइकांना मी जे पाजत होतो?"

"ते हापशाचं." तो म्हणाला, "आई म्हणायची, त्यांचं काम जातंय कशाला."

मला त्या वेळी शिवी आली तोंडात. कोणाला देणार? जिला द्यायची ती भिंतीवर हार घालून बसलेली.

ती रोज सकाळी हापशावर जायची. मी विचारलं की म्हणायची, बायका भेटतात, गप्पा होतात. तिचे गुडघे गेले तेव्हा मीच तिला पालघरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला वजन उचलायचं नाही. मी घरी येऊन तिला म्हटलं, "घरात बोरिंग असताना तुला कशाला हवं हापशावर तोंड वाजवायला? म्हातारपणी गप्पा सुचतात." ती म्हणाली, "जाते आपली वाईच." दुसऱ्या दिवशी परत गेली. ती गेली ती हृदयाने, डॉक्टर तसं म्हणाले. हंड्याला मी दोष देत नाही. पण माझ्या थोरपणाचा हंडा ती डोक्यावर घेऊन चालत होती, आणि मी तिला गप्पिष्ट म्हणून हिणवत होतो. हे तिने मला करू दिलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला मारलं नाही, फसवलं नाही, असं मला वाटत होतं. तिने मात्र मला रोज फसवलं, दिवसातून दोन हंडे.

आणि मग दांडीचा वाडीवाला आठवला, शहाळी देणारा. मग मुरब्याचा एक. मग वाणगावचे दोघं, जे रस्त्यात भेटले तर लांबूनच हात करतात. किती जणांनी मला असंच सांभाळून घेतलं असेल, देव जाणे.

तीन दिवस मी कोणाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी सकाळी नातीने माझ्यासमोर येऊन सांगितलं, "मी केमिस्ट्री घेते. पप्पांना सांगितलं."

मुलगा आतून म्हणाला, "बरं झालं. निदान रोज घरी तरी येईल."

तिने कॅलेंडरचा तो कागद भिंतीवरून काढला, गुंडाळला आणि पत्र्याच्या पेटीवर ठेवला. अर्जाचा शेवटचा दिवस परवा होता. मला ते ठाऊक होतं, कारण तो दिवस मीच तिच्याकडून खडूने दारावर लिहून घेतला होता.

दुपारी ती ताटं घासत होती. मी मागच्या दारी जाऊन बसलो. ताटाला फेस येत नव्हता. तिने साबण पुन्हा पुन्हा घासला. एवढी वर्षं मी त्यावरून दुकानदाराशी भांडत आलो होतो. भेसळीचा साबण विकतोस म्हणून एकदा त्याच्या अंगावर वडी फेकली होती.

ती मान वर न करता म्हणाली, "आजा, एक विचारू?"

"विचार."

"तुमाला खरंच नाय कळलं? साबणाला फेस येत नव्हता. बादलीला पांढरं धरत होतं. आजीची कडीपत्त्याची झाडं जळली. तुमी बोरिंगवाले ना?"

मला राग आला. उत्तर तयार होतं माझ्याकडे. कंपन्यांचं पाणी मुरतंय जमिनीत, म्हणून फेस येत नाही. हेच मी बायकोलाही सांगायचो. बायको मान हलवायची.

"चूळ भरायला पण तुझी आजी तांब्या हातात द्यायची. तोंडात जे यायचं ते गोडच यायचं," मी म्हटलं. "मग डोकं कोण खाजवतो?"

तिने ताट पालथं घातलं. "मी विषय सोडते ते तुमच्यासाठी नाय," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्यासाठी पण हाय. पण ते पान मला नीट जुळतच नाय. मॅडमनी नंतर फोन केलेला. त्या म्हणाल्या मुलाखतीत पहिलं हेच विचारतील. एकशे ऐंशी फुटांवर, खाडीपासून एवढ्या लांब, तुमचं पाणी दोन-तीन उन्हाळ्यांत खारं कसं झालं? शेजारच्यांचं एकशे सत्तरला हाय, ते तर आमच्यानंतर कितीतरी वर्षांनी बिघडलं. मला उत्तर येत नाय. उत्तर येत नसताना कशाला जाऊ?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. सातवीतल्या पोरीने कळशी उचलली आणि हिशोब असा धरून ठेवला.

खाडीच्या बाजूला एक नियम आहे. मला ज्याने मशीन शिकवलं त्याने पहिल्या दिवशी सांगितला होता. या बाजूला गोडं लागलं की थांबायचं. आणखी पाणी मिळेल म्हणून खाली जायचं नाही. खाली समुद्र आहे. दुसऱ्याच्या वाडीत मी थांबायला सांगायचो, मालक हट्ट करायचा आणि मी त्याचं ऐकायचो. माझ्या घरी हट्ट करायला मालक दुसरा कोणी नव्हता.

"एकशे ऐंशीला गोडं लागलं," मी तिला म्हटलं. "चांगलं लागलं. पण धार बारीक होती. शेजाऱ्याची त्याच महिन्यात मारलेली, त्याची धार घराच्या कौलापर्यंत उडालेली. आळी जमलेली बघायला. माझं मशीन, माझं घर, आणि माझीच धार बारीक? मी थांबलो नाय."

"किती गेलात?"

"दोनशे साठ."

ती ओले हात तसेच धरून बसली. "पण तुमी तर नेहमी..."

"एकशे ऐंशी सांगत आलो. नियम मोडला असं कोण सांगतो? गाडीवरच्या दोघांना म्हाईत, ते कधीच मुलखाला गेले."

"आजीला?"

"आजीला एकशे ऐंशीच."

तिने साबणाची वडी कडेला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुमी पण आजीला..."

"होय," मी म्हटलं. "पण माझा तिच्यावरचा राग हाय तो हाय. तो यानं कमी होत नाय. तू मधे पडू नको."

ती उठली, हात पुसले आणि आतून पान घेऊन आली. माझ्यासमोर बसून एकशे ऐंशी खोडलं. वर दोनशे साठ लिहिलं. मग पुढे काहीतरी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "गोडं पाणी लागल्यावरही आजोबा चुकून जास्त खोल गेले."

"चुकून काढ," मी म्हटलं.

"आजा, मुलाखत हाय ती. बाहेरची माणसं वाचणार."

"वाचू दे. तुझ्या आजीसारखं मला सांभाळू नको. चुकून काढ."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तो शब्द खोडला. त्याच्या जागी काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं. मला पण सुचलं नाही. तिने जागा तशीच सोडली आणि पुढचं लिहायला लागली.